शेताचा कोतवाल

तांबडे फुटायच्या आधी शेताकडे निघालेल्या माणसाला एक आवाज हमखास ऐकू येतो. झाडाच्या शेंड्यावर बसून कोणी तरी खणखणीत शीळ घालत असते. कावळे अजून उठलेले नसतात. साळुंक्यांना जाग आलेली नसते. पण हा जागा असतो. संध्याकाळी दिवेलागण होते, गुरे गोठ्यात जातात, चिमण्या झाडांत शिरतात. तरी हा विजेच्या तारेवर बसून इकडे तिकडे बघतच असतो.

हा कोण? हा कोतवाल पक्षी.

पूर्वीच्या काळी शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. चोराचिलटांवर त्याची नजर असे. लोक झोपले तरी कोतवालाने जागे राहायचे, असा रिवाज होता. या पक्ष्याला आपल्या जुन्या माणसांनी तेच नाव दिले. त्यांनी पुस्तक वाचून नाव दिलेले नाही. पक्ष्याचे वागणे पाहून दिले आहे. ते किती बरोबर आहे, ते या धड्यात पाहू.

कोतवालाची ओळख

कोतवाल काळाकुळकुळीत असतो. त्याच्या काळ्या रंगावर उन्हात निळसर झाक दिसते. अंगाने तो बुलबुलाहून थोडा मोठा असतो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे एक फूट भरते. पण त्यातली निम्मी लांबी शेपटीचीच. वजन म्हणाल तर सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे आजच्या हिशेबाने पाच तोळे. एवढासा जीव!

खरी खूण शेपटीत आहे. ती टोकाला दुभंगलेली असते. दोन फाटे दोन बाजूंना वळलेले दिसतात. कावळ्याची शेपटी अशी नसते. नर कोकीळही काळा असतो. पण त्याचे डोळे लालभडक असतात आणि शेपटी दुभंगलेली नसते. शिवाय कोकीळ पानांत लपून बसतो. कोतवाल लपत नाही. तो नेहमी उघड्यावर, ताठ बसतो. जवळून पाहिले तर चोचीच्या मुळाशी, तोंडाच्या कोपऱ्यात, एक बारीक पांढरा ठिपका दिसतो.

नर आणि मादी दिसायला सारखेच. पिल्ले मोठी होऊन उडू लागली, की त्यांच्या पोटाकडच्या पिसांना काही दिवस पांढुरक्या कडा असतात. पुढे ती जातात.

हा पक्षी आपल्याकडे वर्षभर असतो. घनदाट जंगलापेक्षा त्याला मोकळे रान, शेते, गायराने आणि गावाची शीव आवडते. इराणपासून आपला देश, श्रीलंका, चीन आणि जावा बेटापर्यंत त्याची वस्ती आहे.

बसायचे, बघायचे, झेपायचे

आता त्याची शिकारीची रीत बघा.

तो उंच जागी बसतो. तारेवर, खुंटावर, वाळक्या फांदीवर, नाही तर चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर. हलत नाही. फक्त मान फिरवतो. एखादा किडा उडाला, की बाणासारखा सुटतो. हवेतच गिरकी घेतो आणि किडा चोचीत धरतो. लगेच फिरून पहिल्या जागी येऊन बसतो. किडा मोठा असला, तर पायाखाली दाबतो आणि चोचीने तोडून खातो. जमिनीवर नाकतोडा हलला, तर खाली झेप घेऊन तो उचलतो.

या कामासाठी त्याचे अंग घडलेलेच आहे. चोच मुळाशी रुंद आणि टोकाशी किंचित वाकलेली. त्यामुळे धरलेला किडा निसटत नाही. दुभंगलेली शेपटी होडीच्या सुकाणूसारखी. भर वेगात वळायचे असेल, एकदम थांबायचे असेल, तर ती उपयोगी पडते. तोंडाभोवती मिशांसारखे ताठ केस असतात. तडफडणाऱ्या किड्याचे पाय डोळ्यांना लागू नयेत, म्हणून ते कामी येत असावेत.

अशी शिकार करणारे पक्षी आणखीही आहेत. त्यांना माशीमार म्हणतात. बागेत पंख्यासारखी शेपटी पसरून नाचणारा नाचण त्याच रीतीचा. राईत पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी फडकवणारा स्वर्गीय नर्तक हाही त्याच रीतीचा. शास्त्रज्ञांनी कोतवालाचे कूळ यांच्याहून वेगळे मानले आहे. पण हवेतली माशी हवेतच धरायची, ही विद्या सगळ्यांची एकच. फरक असा, की नाचण आणि नर्तक झाडीत राहतात. कोतवाल मात्र आपल्या शेताच्या मध्यावर येऊन बसतो. म्हणून शेतकऱ्याला त्याची ओळख जास्त हवी.

त्याच्या ताटात काय असते?

नाकतोडे, टोळ, रातकिडे, भुंगे, पतंग, गांधीलमाश्या, मुंग्या, अळ्या. पावसाच्या तोंडाशी वारुळातून पंखांची वाळवी भराभर बाहेर पडते, तेव्हा तर त्याची मेजवानीच असते. कधी एखादा सरडा, क्वचित एखादे लहान पाखरूही तो मारतो. पण मुख्य खाणे किड्यांचेच.

हे नुसते ऐकीव नाही. बिहारमध्ये पुसा या गावी सरकारचे शेती संशोधनाचे केंद्र होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेतावरच्या पक्ष्यांचे खाणे तपासले. कोणत्या पक्ष्याच्या पोटात दाणे सापडतात आणि कोणाच्या पोटात किडे, याची त्यांनी नोंद केली. त्यावर १९१२ साली मोठे पुस्तक निघाले. पुढे डॉ. सालिम अली यांनीही पक्ष्यांचा अभ्यास आयुष्यभर केला. ते १८९६ साली मुंबईत जन्मले आणि १९८७ साली वारले. पक्षी आणि शेती यांचे नाते काय, हे त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे लोकांना कळू लागले.

कोतवाल आपल्या कामाचा फायदा घ्यायला शिकलेला आहे. शेतात नांगर चालू असला, की तो मागे येतो. नांगराने माती उलटते, किडे उघडे पडतात. गायबगळे आणि साळुंक्या जमिनीवर चालून ते टिपतात. कोतवाल वरून झेप घेतो. गुरे चरताना गवतातले किडे उडतात. तेव्हा तो गुराच्या पाठीवर बसून वाट पाहतो. कुठे गवत पेटले, तर किडे धुरातून पळू लागतात. तिथेही तो हजर. रात्री दिव्याभोवती पतंग जमले, तर अंधार पडल्यावरही तो आपले काम चालू ठेवतो.

तो थोडा लबाडही आहे, बरं का! शिक्रा नावाचा शिकारी पक्षी असतो. कोतवाल कधी कधी हुबेहूब शिक्र्याचा आवाज काढतो. बिचाऱ्या साळुंक्या घाबरून खाणे टाकून उडतात. मग त्यांनी टाकलेला घास हा उचलतो. कोतवालानेच चोरी केली, म्हणायचे!

उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. तेव्हा तो या फुलांतला मधही चाखतो. त्याच्या कपाळाला परागकण लागतात. पराग म्हणजे फुलातली पिवळी भुकटी. ती या फुलावरून त्या फुलावर गेली, की फळ धरते. असे हेही एक काम त्याच्या हातून होते.

आता थोडा हिशेब करू

मंडळी, आपण आता अक्षरे आणि आकडे शिकलो आहोत. ते कामाला लावू.

समजा, कोतवाल दर तीन मिनिटांनी एक झेप घेतो. मग तासाला २० झेपा झाल्या. दिवसातून आठ तास शिकार केली असे धरू. झेपा झाल्या १६०. त्यांतल्या निम्म्या फुकट गेल्या असे माना. तरी ८० किडे झाले. नर आणि मादी मिळून १६०. हा आम्ही अंदाजाने मांडलेला हिशेब आहे. तुम्ही बांधावर बसून खरा हिशेब करू शकता. तो कसा करायचा, हे धड्याच्या शेवटी सांगितले आहे.

पण नुसत्या किड्यांची संख्या मोजून भागत नाही. कोणता किडा मेला, हेही पाहायला हवे.

हरभऱ्यावर घाटेअळी पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. ही अळी एका पतंगाची पोर. मादी पतंग पानांवर, कळ्यांवर एक एक करून शेकडो अंडी घालते. आपण ५०० धरू. त्यांतली निम्मी वाया गेली, असे माना. राहिल्या २५० अळ्या. एक अळी वाढून मोठी होईपर्यंत ३० ते ४० घाटे पोखरते. कमीत कमी म्हणजे ३० धरले, तरी २५० गुणिले ३०, म्हणजे साडेसात हजार घाटे झाले!

आता असे समजा, की दिवेलागणीच्या वेळी ती मादी पतंग अंडी घालायला निघाली. तारेवर कोतवाल बसलेला होता. त्याने झेप घेतली आणि ती गिळली. त्याला एक घास मिळाला. आपले किती वाचले? तुम्हीच सांगा.

कोतवालाचे घर

चैत्र-वैशाखापासून पावसाळ्याच्या पहिल्या नक्षत्रांपर्यंत कोतवालाचा विणीचा हंगाम असतो. वीण म्हणजे अंडी घालून पिल्ले वाढवणे. नर-मादी दोघे मिळून घरटे बांधतात. बाभूळ, निंब, आंबा, असे झाड त्यांना चालते. उंचावरच्या फांदीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे त्या बेचक्यात घरटे असते. बारीक काड्या आणि तंतू घ्यायचे, ते कोळ्याच्या जाळ्याने एकमेकांना चिकटवायचे, आणि उथळ वाटी तयार करायची. खालून पाहिले तर इतके विरळ दिसते, की यात अंडी राहतात कशी, असा प्रश्न पडावा. पण राहतात.

मादी बहुधा तीन किंवा चार अंडी घालते. ती पांढुरकी किंवा फिकट गुलाबी असतात. त्यांवर बहुधा तांबूस-तपकिरी ठिपके असतात. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. सुमारे १५ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पुढे अडीच ते तीन आठवडे ती घरट्यात राहतात. पिल्लू उडू लागले तरी लगेच पोट भरायला शिकत नाही. आईबाप आणखी काही आठवडे त्याला भरवतात. शिकार ही शिकावीच लागते. अक्षर जसे गिरवल्याशिवाय येत नाही, तसेच हे.

या दिवसांत कोतवालाचा खरा बाणा दिसतो. घरट्याच्या आसपास कावळा फिरकला, तर तो त्याच्यावर तुटून पडतो. घार कितीही मोठी असो. कोतवाल वरून येऊन तिच्या पाठीवर टोचा मारतो आणि तिला शिवेपार घालवून देतो. आपल्या दसपट अंगाच्या शत्रूला तो भीत नाही.

ही गोष्ट दुसऱ्या पक्ष्यांना पक्की माहीत आहे. हळद्या, होला, बुलबुल असे गरीब पक्षी पुष्कळदा कोतवालाच्या झाडावरच आपले घरटे बांधतात. कावळ्याला तो येऊ देत नाही, म्हणून त्यांचीही अंडी वाचतात. एका झाडावर कोतवाल असला, की साऱ्या आळीला आधार. म्हणून म्हटले, जुन्या माणसांनी नाव अगदी बरोबर ठेवले.

बुजगावणे आणि पक्षीथांबा

कोणी म्हणेल, "पाखरं म्हटली की पिकाची नासाडी. ती हाकलायची, का बोलवायची?"

प्रश्न खरा आहे. ज्वारी-बाजरीचे कणीस भरले, की दाणे खाणारी पाखरे थव्याने येतात. तिथे गोफण आणि बुजगावणे लागतेच. पण सगळी पाखरे दाणे खात नाहीत. चिमणीची चोच आखूड आणि जाड असते. ती दाणा फोडायची चोच. कोतवालाची चोच दाणा फोडायची नाही. त्याला तुमच्या कणसाशी काही देणेघेणे नाही. म्हणून पहिली गोष्ट, कोण काय खातो हे ओळखायचे. साऱ्यांना एकाच माळेत ओवायचे नाही.

एका देशाने तसे केले आणि त्याचे फळ भोगले. चीनमध्ये १९५८ साली सरकारने चिमण्या मारण्याची मोहीम काढली. चिमण्या धान्य खातात, एवढेच पाहिले. लोकांनी थाळ्या, ढोल बडवून चिमण्यांना बसू दिले नाही. त्या दमून पडून मेल्या. लाखो-करोडो चिमण्या मेल्या. पण चिमणी आपल्या पिल्लांना किडे भरवते, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते. किडे वाढले आणि पिकांना त्याचा फटका बसला. त्या वर्षांत तिथे मोठा दुष्काळ पडला. त्याची इतर कारणेही पुष्कळ होती, पण हेही एक होते. शेवटी १९६० साली चिमण्यांचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले.

आता हरभरा, तूर, कपाशी, सोयाबीन यांचे बघू. या पिकांत अळ्या पडतात. इथे पाखरांना हाकलायचे नाही, बोलवायचे. कोतवालाला शिकारीसाठी काय लागते? उंच बसायला जागा. सपाट शेतात ती नसेल, तर तो कुठे बसणार? म्हणून शेतात काठ्या रोवायच्या. उभ्या काठीला वर एक आडवी काठी बांधायची. बुजगावण्याचे हात असतात, तशी. मात्र वर सदरा आणि मडके घालायचे नाही! याला पक्षीथांबा म्हणतात. एकरी सुमारे २० थांबे लावावेत, असे शेतीचे जाणकार सांगतात. एकराचे ४० गुंठे. म्हणजे दर दोन गुंठ्यांना एक थांबा आला. थांबा पिकाच्या वर हातभर असावा. बांबू, पऱ्हाटी, वाळकी फांदी, काहीही चालते. पैसा लागत नाही.

काही शेतकरी हरभरा पेरताना त्यात थोडे ज्वारीचे किंवा मक्याचे दाणे मिसळतात. मधूनमधून उंच ताटे उभी राहतात. पाखरे त्यांवर बसतात. हाही थांबाच झाला, आणि तो आपोआप उगवतो.

थांबे केव्हा लावायचे? अळ्या मोठ्या झाल्यावर नव्हे. अळी लहान असते, पानांवर उघडी फिरते, तेव्हाच ती पाखराला दिसते. म्हणून फुले येण्याच्या आधीच थांबे उभे पाहिजेत. आणि शेजारी ज्वारीचे कणीस भरत असेल, तर त्या बाजूचे थांबे काढून ठेवावेत. नाही तर दाणे खाणाऱ्या पाखरांचीही सोय व्हायची.

तो काय करू शकत नाही

आम्ही कोतवालाचे गुण सांगितले. पण खोटी आशा दाखवायची नाही.

कोतवाल साऱ्या अळ्या संपवू शकत नाही. घाट्यात शिरलेली अळी त्याला दिसत नाही. कपाशीची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते. तिथे त्याची चोच पोचत नाही. कीड फार वाढली, तर त्याच्या एकट्याच्याने आवरणार नाही. शिवाय तो मधमाश्याही खातो. ज्याने मधपेट्या ठेवल्या आहेत, त्याला कोतवालाचा त्रास होतो. आणि त्याला मित्रकिडा आणि शत्रुकिडा हा फरक कळत नाही. जो उडेल, तो त्याचा.

तेव्हा तो राखणदार आहे, देव नव्हे. चांगला राखणदार असला, तरी मालकाने शेतात फेरी मारावीच लागते. फेरी मारायची, ओळीतल्या अळ्या मोजायच्या. हरभऱ्याच्या एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या, की उपायाची वेळ आली असे समजतात. मग काय करावे, हे कृषी खात्याच्या माणसाला विचारावे. निंबोळीचा अर्क तर घरीही करता येतो.

पण शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, असे करू नये. विषारी औषधाने अळी मरते, तशी अळीला खाणारे कोळी आणि मित्रकिडेही मरतात. काही औषधांचा अंश मेलेल्या किड्याच्या अंगात राहतो. तो किडा कोतवालाने पिल्लाला भरवला, तर विष पिल्लाच्या पोटात जाते. पाखरे गेली, मित्रकिडे गेले, आणि उरलेली कीड पुन्हा वाढली, तर मग कोणाला बोलावणार? पुन्हा औषध. पुन्हा खर्च.

हे विष माणसालाही सोडत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी करावीच लागली, तर डब्यावरचे नीट वाचावे. तेवढ्यासाठी तरी आपण वाचायला शिकलो, याचे चीज होईल. हातमोजे घालावेत, तोंड झाकावे, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये.

कोतवालाचा पगार

आपला राखणदार पगार मागतो. कोतवाल मागत नाही. पण त्याच्या तीन गरजा आहेत.

पहिली गरज बसायला जागा. ती आपण पाहिली.

दुसरी गरज घरट्यासाठी झाड. हल्ली बांध नांगरून घेतात. बांधावरची बाभूळ, निंब तोडतात. दोन तास जास्त पेरता येतात खरे. पण त्या झाडावर राहणारा राखणदार जातो, त्याचा हिशेब कोणी करत नाही. बांधावर एक-दोन झाडे राहू द्यावीत. आणि उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडाशी, झाडाला कुऱ्हाड लावायच्या आधी वर मान करून बघावे. घरट्यात अंडी-पिल्ले असतील, तर थोडे थांबावे. अंडी उबायला १५ दिवस, पिल्ले उडायला सुमारे २० दिवस. म्हणजे एकूण पाच आठवडे. सरपण पाच आठवडे थांबू शकते. पिल्लू थांबू शकत नाही.

तिसरी गरज, त्याला कोणी मारू नये. मुले बेचकी घेऊन हिंडतात. खेळ म्हणून तारेवरच्या पाखराला खडा मारतात. मुलांना रागे भरून उपयोग नाही. त्यांना कोतवालाची झेप दाखवावी. एकदा ती पाहिली, की पोर बेचकी विसरते. आणि मोठ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याप्रमाणे अशा पक्ष्यांना मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे.

दूरच्या लोकांनीही कोतवालाचे काम ओळखले होते. पॅसिफिक महासागरात रोटा नावाचे लहानसे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी तिथे किडे आटोक्यात यावेत म्हणून तैवानहून मुद्दाम कोतवाल नेऊन सोडले. तिथून ते पुढे समुद्र ओलांडून ग्वाम बेटावरही पोचले. त्यांनी तो बोटीने नेला. आपल्याकडे तो मुळचाच आहे. आपल्याला आणायचा नाही. घालवायचा नाही, एवढेच.

करून बघा

१. एके दिवशी सकाळी शेतात कोतवाल दिसला, की एक तास बसून बघा. त्याने किती झेपा घेतल्या? वहीत प्रत्येक झेपेला एक रेघ ओढा. शेवटी रेघा मोजा. आमच्या अंदाजापेक्षा झेपा जास्त आल्या की कमी?

२. तो कुठे बसला होता? तारेवर, झाडावर, गुराच्या पाठीवर की थांब्यावर? लिहा.

३. तुमच्या गावात या पक्ष्याला आणखी कोणते नाव आहे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.

४. तुमच्या बांधावर आज किती झाडे आहेत? दहा वर्षांपूर्वी किती होती? दोन्ही आकडे लिहा. वजाबाकी करा.

५. हरभऱ्याचे शेत अडीच एकर आहे. एकरी २० प्रमाणे किती थांबे लागतील?

उत्तरे वर्गात सर्वांना वाचून दाखवा. एकाचे उत्तर दुसऱ्याशी जुळले नाही, तर भांडू नका. दोघे मिळून पुन्हा शेतात जा, आणि कोतवालालाच विचारा.